रिव्हेट घासताना

विमानाच्या मॉडेलचं जुनं प्लॅस्टिक किट सुधारायचं म्हणजे त्यात काही घालण्याआधी बरंच काही काढायचं. सध्या टेबलावर व्हॉट ओएस२यू किंगफिशर आहे, १/७२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं. मधोमध एक लांबलचक फ्लोट, पंखांच्या टोकांखाली दोन छोटे. अमेरिकी नौदल हे विमान युद्धनौकेवरून कॅटपल्टने भिरकावायचं आणि परत येऊन पाण्यावर उतरलं की क्रेनने उचलून घ्यायचं. किटचा साचा १९६०च्या दशकातला, आणि त्या काळच्या साचेकारांना रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या डोक्यांचं, भलतंच वेड. पंख, शेपूट, फ्लोट, जिथे बोट टेकवाल तिथे पुरळ.

आता हिशेब करा. किटवरचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरचा होतो. एवढ्या रिव्हेटला वैमानिक ठेचकाळलाच असता! गंमत म्हणजे किंगफिशरच्या बांधणीत स्पॉट वेल्डिंगचा, म्हणजे पत्रे ठिकठिकाणी वितळवून जोडण्याचा, भरपूर वापर होता आणि त्याचं अंग मुद्दाम गुळगुळीत राखलेलं होतं. म्हणजे ज्यांच्यापायी बोटं दुखतायत, त्यातले बरेचसे रिव्हेट मुळात तिथे नव्हतेच.

घासायचं ते पाण्यात भिजवलेल्या पॉलिशपेपरने, आणि दिवा बाजूला, खाली ठेवून. वरून उजेड पडला की सगळं सपाट भासतं. तिरपा पडला की उरलेला प्रत्येक उंचवटा आपली सावली घेऊन उभा राहतो. पंखाच्या मागच्या भागात मात्र हात आवरावा लागतो. मुख्य तुळईच्या मागे या विमानाचा पंख कापडाने मढवलेला होता. किटमध्ये दोन फासळ्यांमधलं कापड असं काही खोल गेलंय की त्यात पाणी साचावं. ते सपाट करायचं नाही, नुसतं शांत करायचं. बोट फिरवल्यावर फासळी लागली पाहिजे, डोळ्यांत भरता कामा नये. इथे पट्टी किंवा नकाशा फारसा कामाचा नाही, बोटालाच कळतं.

या पंखांचं मला अप्रूप आहे, त्याला कारण ट्रुक, दुसऱ्या महायुद्धातला पॅसिफिकमधला जपानी तळ. १९४४च्या एप्रिलअखेर तिथल्या हल्ल्यात अमेरिकेची विमानं पडली आणि वैमानिक समुद्रात तरंगत राहिले. लेफ्टनंट जॉन बर्न्स आपलं किंगफिशर घेऊन त्यांच्यात उतरला. विमान दोघांचं, बाकीच्यांना त्याने पंखांवर घेतलं. एवढ्या ओझ्याने उड्डाण कसलं होतंय? मग ते पाण्यावरूनच चालवत त्याने टँग पाणबुडी गाठली. टँगने त्या मोहिमेत एकूण २२ वैमानिक वाचवले. १/७२ मध्ये माणूस जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. तसा एक त्या पंखावर ठेवून पाहिला की जागा किती तोकडी होती ते समजतं.

बाकीची कामं नेहमीचीच. सांध्यांत पुट्टी भरायची, पंखांच्या मागच्या जाड कडा आतून तासायच्या, मेणबत्तीवर तापवून ओढलेल्या स्प्रूची (सुटे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या काडीची) एरियल लावायची. जुनी डेकल, म्हणजे विमानावर चिकटवायची चिन्हं, पिवळी पडली असतील तर खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवतात, बऱ्यापैकी उजळतात. माझ्या मात्र ती उपयोगाची नाहीत, त्यांतले तारे जुन्या तऱ्हेचे. अमेरिकी विमानांवरच्या ताऱ्यातला लाल ठिपका १९४२च्या मे महिन्यातच काढला गेला आणि १९४३ मध्ये दोन्ही बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आल्या. मला १९४४चं विमान हवंय, तेव्हा तारे दुसरीकडूनच आणायचे.

एवढी यातायात करण्यापेक्षा नवं, अचूक किट का घेत नाही, असं विचारणारे भेटतात. त्यांचं म्हणणं चूक नाही. नव्या किटचे भाग टचकन बसतात, रेषा नाजूक, कॉकपिटमध्ये आसनाचे पट्टेसुद्धा तयार. पण त्यात विमान दुसऱ्या कुणीतरी आधीच पाहून ठेवलेलं असतं, आपण फक्त जोडायचं. जुन्या किटपायी फोटो धुंडाळावे लागतात; पंखाला कापड होतं हे मला त्या नादातच कळलं.

किटमध्ये पंखांखाली लावायला दोन बॉम्बही दिलेत. ते लावायचे नाहीत, एवढं ठरलंय. सुट्या भागांच्या डबीत जातील. त्यांची शेपटीची पाती पातळ आहेत, कशाला तरी येतील.