दरडीनेच दिलेली जमीन

22 जुलै 2021 च्या त्या पावसात महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाणी कोसळलं. सावित्री तिथूनच निघते. महाड बुडालं, तळियेची कोंढाळकरवाडी दरडीखाली गेली आणि ऐंशीहून जास्त माणसं दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखरसुतारवाडीवरही दरडी आल्या. पाऊस ओसरल्यावर त्या पट्ट्यातल्या वाड्यांची पाहणी आम्हा भूवैज्ञानिकांकडे आली. त्यातली एक वाडी थोडक्यात वाचली होती. तिचं नाव इथे देत नाही.

वाट दाखवायला गावातले एक आजोबा आले. दरड सुटली होती ती जागा वाडीपासून बरीच वर होती. तिथे पोचल्यावर कारण स्पष्ट दिसलं. खाली काळा, घट्ट बेसॉल्ट आणि त्याच्यावर माती-धोंड्यांचा सैल थर. पाणी मातीत मुरतं, पण खडकात सहज उतरत नाही. मग ते दोन्हींच्या सांध्यावर साचतं, त्याचा दाब वाढतो आणि वरचा थर खडकावरची पकड सोडतो. इथे तो सुटला आणि ओढ्यात उतरताच पाणी पिऊन पातळ झाला. घराएवढे धोंडे असा चिखल सहज वाहून नेतो.

आजोबा म्हणाले, "साहेब, त्या रात्री पाऊस चालूच होता, पण ओढ्याचा आवाज मधेच बंद झाला. म्हातारी म्हणाली, उठा. आम्ही पोरं घेऊन डोंगराच्या सोंडेवर गेलो."

हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. भर पावसात ओढा गप्प होतो, कारण वर कुठेतरी दरडीने त्याला बांध घातलेला असतो. असा बांध सहसा फार काळ टिकत नाही. गढवालमध्ये 1893 साली गोहनाजवळ बिरही नदी अशीच अडली आणि मोठा तलाव झाला. इंग्रज अभियंत्यांनी वर्षभर त्यावर पहारा ठेवला, खालच्या गावांना कळवायला तारेची लाइन टाकली. ऑगस्ट 1894 मध्ये बांध फुटला आणि खालचं, गढवालमधलंच श्रीनगर वाहून गेलं, पण लोक आधीच हलवलेले होते. या वाडीत तार नव्हती आणि वेळही जेमतेम मिनिटांचा होता. त्या आजींच्या कानांमुळे सगळी वाचली. त्यांना भेटून मी पाया पडलो.

मग आम्ही ओढ्याच्या कडेने खाली उतरत आलो. वाडीजवळ नव्या लोंढ्याने जुना काठ उभा कापला होता, माणसाच्या दुप्पट उंचीचा. तो बघून मी तिथेच बसलो. नदीने आणलेला गाळ आकाराप्रमाणे लावलेला असतो, गोटे एकीकडे, वाळू एकीकडे. इथे तसं काही नव्हतं. मोठे धोंडे, बारीक खडी आणि चिखल एकमेकांत कालवलेले. त्यावर काळसर मातीचा पट्टा, त्यात कोळशाचे कण, राबाचे, म्हणजे पेरणीआधी शेतात जाळलेल्या पालापाचोळ्याचे असतील, किंवा वणव्याचे. त्या पट्ट्यावर पुन्हा तसाच कालवलेला थर. म्हणजे ही दरड पहिली नव्हती. मधे इतका काळ गेला होता की माती तयार झाली आणि झाडं वाढली.

वाडीचा सगळा माळ याच राशीचा बनलेला आहे. या उभ्या डोंगरात घर बांधण्याइतकी सपाट जागा आली कुठून, नाचणीला पुरेल एवढी माती कशी साठली, मार्चपर्यंत वाहणारा झरा कुठून फुटतो, या सगळ्याचं उत्तर एकच. सैल राशीत पाणी साठतं आणि पायथ्याशी बाहेर पडतं. पूर्वजांनी जागा डोळसपणे निवडली होती. त्यांनी पाणी पाहिलं, माती पाहिली. कोकणातल्या कितीतरी वाड्या अशाच जागी आहेत, म्हणून "लोक धोक्याच्या जागी राहतातच कशाला" असं शहरात कुणी म्हटलं की मला राग येतो.

दरड वाडीपाशी थांबतही नाही. जड माल माळावर राहतो, बारीक माती सावित्रीत जाते. नदीचं पात्र उथळ होतं, मधे बेटं वाढतात, भरतीच्या वेळी नदीच्या मुखाशी, बाणकोटच्या खाडीकडून पाणी अडतं आणि पुढचा पूर महाडच्या बाजारपेठेत आणखी वर चढतो. डोंगर आणि शहर यांचे आराखडे वेगवेगळ्या टेबलांवर होतात, ते मला पटत नाही.

आजोबांना मी काठातले दोन्ही थर दाखवले. त्यांनी हात लावून पाहिला, कोळसा बोटांवर घासला. "म्हणजे हे पुन्हा येणार."

"कधी ते सांगता येत नाही, बाबा. पण येणार ते याच वाटेने."

"मग जायचं कुठं?"

सोंडेवर खडक उघडा आहे, ओढ्याची वाट तिथून जात नाही. शेती माळावरच राहू द्यावी, घरं तेवढी वर न्यावीत, असं मी सुचवलं. आजोबांनी लगेच अडचण सांगितली: सोंडेवर पाण्याचा थेंब नाही, बायकांनी झऱ्यावरून हंडे वाहायचे का? म्हणून अहवालात घरं हलवण्याच्या आधी मी झऱ्यावरून सोंडेपर्यंतची पाइपलाइन आणि पंप लिहिला. नकाशावर त्याची रेघ आजोबांनी सांगितली तशीच काढली आहे, ओढ्याला टाळून, जुन्या पायवाटेने.