बाशिंग हाताशी आलं तेव्हा

वीस वर्षं मी वर्गात बाशिंग नावाचं नेचं (फर्न) शिकवतोय. पण ते राहतं झाडाच्या उंच बेचक्यात, आणि आम्ही खालून माना मोडून बघणार. गेल्या जुलैत मुलांना घेऊन आंबोलीला गेलो. रात्रीच्या वाऱ्यात एक जुनी जांभूळ रस्त्याकडेला आडवी झाली होती आणि तिच्यावरचं हे नेचं थेट आमच्या पायाशी आलेलं. "सर, गुडघ्याला बाशिंग!" एक पोरगा ओरडलाच.

एका विद्यार्थिनीनं कात्री काढली. "सर, वाळकी पानं काढून नमुना साफ करू?" मी म्हणालो, "कर." (मी स्वतः आयुष्यभर तेच केलंय.) दोन पानं निघाली आणि आतून काळीभोर, ओली माती भसकन सांडली. त्यात गांडूळ, अंडी तोंडात धरून पळणाऱ्या मुंग्या, नखाएवढं बेडूक.

बाशिंगाला पानं दोन तऱ्हांची. लांब, हिरवी, खोल कातरलेली. बीजाणूंचे ठिपके यांच्याच पाठीवर. दुसरी आखूड, बिनदेठाची, ओकच्या पानासारखी. त्यांच्यावरूनच वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये या जातीला 'क्वेर्सिफोलियम' म्हटलं. ही लवकर तपकिरी, कागदासारखी होतात, पण गळत नाहीत. बुंध्याला टोपलीसारखी बिलगून वरून पडणारा पाचोळा झेलतात. तो कुजतो, त्याची माती होते, मुळं त्यातच शिरतात. आंबोलीचा पाऊस सालीवर काही टिकू देत नाही. खाली जमीन पंचवीस-तीस फूट लांब. खायचं कुठून? तर या 'वाळक्या' पानांतून. पाठ्यपुस्तकात हे सगळं आहे, मी दरवर्षी फळ्यावर काढतोही. तरी "कर" म्हणालो.

टपरीवरचे काका केव्हापासून बघत होते. "कित्याक काढतास? ता तेचा जेवणाचा ताट आसा."

मग मातीसकट ते उचलून शेजारच्या झाडाच्या बेचक्यात काथ्यानं बांधलं. सांडलेली माती मुलांनी ओंजळींनी परत भरली. बेडूक मात्र निघून गेलं होतं.

कॉलेजात आल्यावर कपाटातला माझा १९९८ चा नमुना काढला. एकच हिरवं पान, सुरेख दाबलेलं. बाकी काही नाही.

जानेवारीत त्या विद्यार्थिनीनं बाशिंगाचा फोटो पाठवला. हिरव्या पानांच्या पाती झडून नुसत्या मधल्या शिरा उभ्या, टोपली मात्र पाचोळ्यानं भरलेली. खाली लिहिलं होतं, "सर, या वेळी कात्री नेली नव्हती."