पहिल्यांदाच गेम करणाऱ्यांसोबतची आमची वाटचाल

आमची फर्म लहान आहे. दोघी भागीदार, मोजके प्रशिक्षक आणि एकाच बनावटीचे लॅपटॉप भरलेल्या पेट्या. ज्यांनी आजवर कधी व्हिडिओ गेम तयार केला नाही, आभासी जगात साधी भिंतसुद्धा उभी केली नाही, अशांसाठी आम्ही दोन दिवसांच्या कार्यशाळा घेतो. पहिल्या दिवशी सकाळी येणाऱ्याचा हात माऊसवर पडला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने केलेला गेम दुसऱ्या कुणीतरी खेळलेला असला पाहिजे, एवढंच आमचं आश्वासन. बॅच केवढी घ्यायची, काय शिकवायचं, काय सोडून द्यायचं, कुणाला कामावर घ्यायचं, हे सगळं आम्ही या एका आश्वासनावरूनच ठरवत आलो आहोत.

आम्ही दोघी हे काम शिकलो ते सेकंड लाइफमध्ये. लिंडन लॅबने २००३ साली सुरू केलेलं ते ऑनलाइन आभासी जग खेळण्यापेक्षा बांधण्याचं होतं. ठोकळा, गोळा, नळकांडं असे साधे आकार, ज्यांना तिथले लोक ‘प्रिम’ म्हणत, ते ताणायचे, कापायचे, एकमेकांना जोडायचे आणि त्यातून खुर्ची, घर, बोट उभी करायची. ‘सँडबॉक्स’ म्हणून मोकळ्या जागा असत. तिथे कुणीही यावं, बांधावं. ठरावीक वेळाने बांधलेलं आपोआप मालकाच्या सामानात परत जाई आणि जागा पुन्हा रिकामी होई. शेजारी एखादा अनोळखी माणूस त्याचं काम करत असे. आपलं अडलेलं दिसलं की तो जवळ येऊन नेमका कुठला आकडा बदलायचा ते सांगे, आणि बदलायचं मात्र आपल्यालाच. आमचं बरंचसं शिक्षण असंच झालं.

पुढे आम्ही ग्राहकांसाठी आभासी प्रदर्शनं आणि कर्मचाऱ्यांच्या सरावाची दृश्यं तयार करून देऊ लागलो. युनिटी या इंजिनात, म्हणजे गेम बांधण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, काम करायचं, तयार झालं की सोपवायचं. सोपवताना ग्राहकाच्या माणसांना दोन-तीन तास बसवून दाखवावं लागे: इथे चित्र बदला, इथे दरवाजा हलवा. ही सोपवण्याची बैठक हळूहळू मूळ कामापेक्षा जास्त मागणीची झाली. लोक म्हणायचे, पुढचं दालन आमचं आम्हीच करू, आम्हाला फक्त शिकवा. मागणी वाढत गेली तशी आम्ही बांधून देण्याची कामं कमी केली आणि शिकवण्यात उतरलो. उत्पन्न सुरुवातीला घटलं, तरी दोघींनाही तो निर्णय आनंदाने घेता आला, कारण कामाचा जो भाग आम्हाला मनापासून आवडत होता तोच आता मुख्य काम होणार होता.

पहिली गुंतवणूक केली ती लॅपटॉपांत. सहभागी स्वतःची यंत्रं घेऊन आले की सकाळचे दोन तास सॉफ्टवेअर उतरवण्यात जातात, आणि ज्याचं यंत्र जुनं तो पहिल्याच तासात मनाने मागे पडतो. सगळ्यांसमोर सारखा पडदा, सारखा माऊस, सगळं आधीच भरलेलं, नेट गेलं तरी चालेल अशी तयारी. एका प्रशिक्षकामागे सहा जण, त्याहून जास्त नाही. मोठ्या सभागृहात दोनशे लोकांसमोर प्रात्यक्षिक द्या, अशी विचारणा अनेकदा येते. आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. ते भाषण होईल, कार्यशाळा होणार नाही.

प्रशिक्षकांसाठी एक नियम आम्ही कडकपणे पाळतो: शिकणाऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण जाणकाराला हे फार जड जातं. समोरचा चुकीच्या मेन्यूत शोधत असतो, आपल्याला उत्तर माहीत असतं, दोन क्लिकचं काम असतं. तरीही बोलून सांगायचं, बोट दाखवायचं, थांबायचं. उमेदवाराची मुलाखत घेताना आम्ही हेच बघतो. त्याने केलेले गेम नंतर बघतो.

आता प्रत्यक्ष शिकवतो काय? लहान बॅचला, विशेषतः शाळकरी मुलांना, आम्ही रोब्लॉक्स स्टुडिओने, म्हणजे रोब्लॉक्स या ऑनलाइन मंचासाठी गेम बांधण्याच्या सॉफ्टवेअरने, सुरुवात करून देतो. हवेत एक ठोकळा ठेवायचा आणि प्ले दाबायचं. ठोकळा खाली कोसळतो, कारण वस्तू जागेवर खिळवून ठेवणारा ‘अँकर्ड’ हा पर्याय बंद आहे. इथे गुरुत्वाकर्षण आपोआप चालू आहे आणि काय पडावं, काय टिकावं हे आपण ठरवायचं आहे, ही गोष्ट त्या एका पडण्यातून जितकी पक्की बसते तितकी सांगून बसत नाही. मग नाणं. खेळाडूने नाण्याला स्पर्श केला की एक गुण वाढवा, अशी लुआऊ या रोब्लॉक्सच्या भाषेतली चार ओळींची स्क्रिप्ट. मूल पळत जातं, नाण्याला धडकतं आणि गुण एकदम सात होतात. कधी चार, कधी नऊ. वर्गात गलका होतो. मग आम्ही विचारतो: नाण्याला नक्की काय काय लागलं? पाय लागला, दुसरा पाय लागला, हात लागला, धड लागलं. प्रत्येक अवयव इंजिनाच्या दृष्टीने वेगळी वस्तू आहे, म्हणून प्रत्येकाचा स्पर्श वेगळा मोजला गेला. मुलं स्वतःच सुचवतात की एकदा लागल्यावर नाण्याने थोडा वेळ ‘ऐकू नये’. यालाच डिबाउन्स म्हणतात. इतकी वर्षं शिकवूनही मला नाण्याचा हा अर्धा तास सगळ्यात प्रिय आहे. कोड लिहिणं म्हणजे घडलेलं बारकाईने बघणं, हे तिथे मुलांना कुणी न सांगता कळतं.

मोठ्यांना युनिटी किंवा गोडो हे दुसरं इंजिन. युनिटीत नवख्याला हमखास गाठणारी एक गोष्ट आहे: गेम चालू असताना केलेले बदल गेम थांबवताच नाहीसे होतात. कुणी अर्धा तास दिवे जुळवतं, स्टॉप दाबतं आणि सगळं पूर्ववत. म्हणून आमच्या प्रत्येक लॅपटॉपवर सेटिंगमध्ये जाऊन प्ले मोडचा रंग आम्ही ठळक केशरी करून ठेवला आहे. पडदा केशरी असेल तर जे करताय ते टिकणार नाही, हे मग लांबूनही दिसतं. गोडो आम्ही २०२३ च्या अखेरीस अभ्यासक्रमात आणलं. त्या सप्टेंबरमध्ये युनिटीने इन्स्टॉलच्या संख्येवर आधारित शुल्क जाहीर केलं होतं आणि बरेच निर्माते पर्याय शोधत होते. पुढच्या सप्टेंबरमध्ये ते शुल्क मागेही घेण्यात आलं. गोडो २०१४ पासून मुक्तस्रोत आहे, एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली मिळतं, आकाराने लहान आहे आणि साध्या लॅपटॉपवर पटकन उघडतं. नवख्यासाठी ही शेवटची गोष्ट फार मोलाची. आज सपाट, द्विमितीय गेमसाठी आम्ही गोडो सुचवतो आणि डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटमधल्या जगासाठी युनिटी. अमुकच इंजिन चांगलं असा वाद आम्ही वर्गात रंगू देत नाही. उडीचा वेग आणि घसरणीचा वेग यांचा हिशेब एकदा कळला की तो कुठल्याही इंजिनात उपयोगी पडतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या कार्यशाळेचा गाभा येतो: अदलाबदल. प्रत्येकाने आपली जागा सोडून शेजारच्या लॅपटॉपवर बसायचं आणि त्याचा गेम खेळायचा. ज्याने गेम केला त्याने मागे उभं राहायचं आणि दहा मिनिटं काहीही बोलायचं नाही. ‘तिकडे नाही, इकडे’ असंही नाही. हातात वही, जे दिसेल ते लिहायचं. एका बॅचला एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी अंधाऱ्या वाड्यातून बाहेर पडण्याचा गेम केला होता. किल्ली उजवीकडच्या खोलीत होती आणि वाड्यातला एकमेव दिवा डावीकडे. खेळणारा तरुण सारखा डावीकडे जात होता, भिंतीला धडकत होता, परत फिरत होता. बाईंचे ओठ हलत होते, पण शब्द बाहेर आला नाही. वेळ संपल्यावर त्यांनी वहीत एकच वाक्य लिहिलं: ‘माणूस उजेडाकडे जातो.’ दिवा उचलून उजवीकडे नेला, पुढच्या खेळाडूला किल्ली पहिल्याच फेरीत मिळाली. आम्ही तासभर लेव्हल डिझाइनवर बोललो असतो तरी इतकं पोचलं नसतं.

ही अदलाबदल व्हावी म्हणून गेम लहान ठेवावा लागतो, आणि इथेच लोकांशी प्रेमाने पण ठामपणे बोलावं लागतं. बहुतेक जण येतात ते डोक्यात अख्खं राज्य घेऊन: दहा लढाया, पन्नास पात्रं, सगळ्यांनी एकत्र खेळायचं. आम्ही म्हणतो, त्या राज्यातली एक खोली निवडा. एक दार, एक अडचण, एक शेवट. करड्या ठोकळ्यांत बांधा. पोत, रंग, सजावट नंतर. वेळेची मर्यादा आम्ही गेम जॅमच्या, म्हणजे ठरावीक मुदतीत गेम करण्याच्या उपक्रमांच्या, परंपरेतून घेतली. लुडम डेअर २००२ पासून आणि ग्लोबल गेम जॅम २००९ पासून ४८ तासांच्या आसपासच्या मुदतीत गेम करायला लावत आले आहेत, आणि मुदत असली की माणूस निवड करायला शिकतो हे त्यांनी दाखवून दिलं आहे. जागरण मात्र आम्ही घेतलं नाही. संध्याकाळी दिवे बंद, सगळ्यांनी घरी जायचं. दमलेल्या डोळ्यांनी पहिल्यांदा शिकणाऱ्याला फक्त चुका दिसतात.

हेडसेटची कार्यशाळा वेगळी ठेवली आहे, कारण तिथे शरीराचा प्रश्न येतो. ९० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं दाखवणाऱ्या, हेडसेटमध्ये एक चित्र काढायला यंत्राला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. ते चुकलं की दृश्य अडखळतं आणि पाहणाऱ्याला मळमळतं. खेळाडूच्या डोक्याच्या हालचालीशिवाय कॅमेरा हलवायचा नाही, हा आमचा पहिला धडा. दुसरा मापाचा. पडद्यावर सुंदर दिसलेलं दार हेडसेट चढवल्यावर किल्ल्याच्या दरवाजाएवढं निघतं. युनिटीत एक एकक म्हणजे एक मीटर आणि तयार मिळणारी कॅप्सूल दोन एकक उंच असते. ती आधी उभी करायची, मग तिच्या मापाने दार, टेबल, खिडकी. प्रत्येक सहभागी पहिल्या दिवसातच आपण बांधलेल्या खोलीत उभा राहून हात लांब करून बघतो.

२०२० साली समोरासमोर बसणं थांबलं तेव्हा आम्ही बॅच आणखी लहान केली. शिकणारा आपला पडदा दाखवे आणि प्रशिक्षक फक्त बोले. दूरवरून माऊसचा ताबा घेण्याची सोय होती, ती आम्ही बंदच ठेवली. त्या काळात आलेले दोघे आज आमच्याकडे शिकवतात.

प्लॅटफॉर्म येतात आणि जातात, हे आम्ही पहिल्याच सत्रात स्पष्ट सांगतो. आभासी भेटीगाठींच्या मंचांपैकी ऑल्टस्पेसव्हीआर मार्च २०२३ मध्ये बंद झालं, मोझिलाने हब्जची सेवा मे २०२४ अखेर थांबवली. म्हणून निघताना प्रत्येकाला पेन ड्राइव्हवर पूर्ण प्रोजेक्ट मिळतो, चालू गेम मिळतो आणि स्वतः केलेली मॉडेलं जीएलटीएफसारख्या खुल्या स्वरूपात मिळतात. त्रिमितीय मॉडेलं करण्याचं ब्लेंडर शिकवतो तेही याच कारणासाठी. ते विनामूल्य आहे आणि त्यातलं काम कुठेही नेता येतं.

नोकरीची हमी देणारा सहा महिन्यांचा कोर्स सुरू करा, असा सल्ला आम्हाला बरेच हितचिंतक देतात. गेम उद्योगातली नोकरी आमच्या हातात नाही, आणि जे हातात नाही त्याची हमी देऊन पैसे घेणं आम्हाला पटत नाही. आमचा खर्च निघतो तो शाळा, ग्रंथालयं आणि कंपन्या त्यांच्या माणसांसाठी पूर्ण बॅच घेतात त्यावर. त्यातूनच खुल्या बॅचमधल्या काही जागा ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी राखता येतात.

हल्ली सहभागी एआयकडून कोड लिहून घेऊन येतात. आम्ही मनाई करत नाही. फक्त उडी उंच करायची असेल तर कुठला आकडा बदलायचा हे त्याने स्वतः शोधायचं, आणि बदल करून खेळून दाखवायचं. ज्याला ते जमतं त्याचा कोड कुठून आला याने आम्हाला फरक पडत नाही.

आता आम्ही अर्ध्या दिवसाची ‘दुरुस्ती बैठक’ सुरू करतो आहोत. कार्यशाळेत केलेला गेम ज्यांनी पुढे वाढवला, चार लोकांना खेळायला दिला आणि कुठेतरी अडले, त्यांच्यासाठी. येताना पूर्ण प्रोजेक्टचं फोल्डर आणा, खेळणाऱ्यांनी काय केलं याची टिपणं आणा, आणि टचपॅडवर काम करत असाल तर तीन बटणांचा माऊस आमच्याकडे मिळेल.