'आधी घरच्यांना घेऊन ये'

मी निफाड तालुक्यातली, वय वीस. कॉलेजसाठी नाशिकला गंगापूर रोडला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. माझ्यावर लैंगिक अत्याचार झाला. करणारा ओळखीचाच होता आणि ते घडलं सिन्नरला. यापुढचं जिथे सांगायचं तिथे सांगून झालं आहे.

नंतर जिथे गेले तिथे पहिला प्रश्न तोच, घरी सांगितलंस का? एका खासगी दवाखान्याने काउंटरवरूनच परत पाठवलं, 'पोलिस केस आहे, वडिलांना आणा.' खरं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाचा कायदा) कलम ३९७ नुसार अशा वेळी खासगी दवाखान्यालाही ताबडतोब मोफत उपचार द्यावेच लागतात. पोलिस ठाण्यात पुन्हा 'वडिलांना बोलाव', वर 'सिन्नर आमच्या हद्दीत येत नाही.' आप्पांना कळलं तर शिक्षण बंद, एवढंच डोक्यात घोळत होतं. कितीतरी मुली इथूनच मागे फिरत असतील.

मी फिरले नाही, कारण मैत्रिणीची मावशी सोबत आली. त्या अंगणवाडी सेविका आहेत. ठाणे अंमलदारांना म्हणाल्या, "साहेब, मुलगी सज्ञान आहे, फिर्याद तिची आहे. शून्य नंबरने घ्या आणि सिन्नरला पाठवा." नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हेच आहे, गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी फिर्याद घ्यायची. अशी फिर्याद न घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) कलम १९९ खाली गुन्हा आहे. मग महिला अधिकारी आल्या. जबाबात 'स्वखुशीने त्याच्यासोबत गेले' असं लिहिलं होतं. प्रोजेक्टच्या कामाला त्याने बोलावलं होतं, तसं लिहून घेतलं, मगच सही केली. जबाब वाचल्याशिवाय सही करू नका, कितीही उशीर झालेला असो. फिर्यादीची प्रत फुकट मिळते.

सिव्हिलला डॉक्टर मॅडम काहीही करण्याआधी काय करणार ते सांगायच्या आणि 'चालेल का?' विचारायच्या. माझी आंघोळ झाली होती, तरी नमुने घेतले. ९६ तासांपर्यंत घेता येतात. कपडे कागदी पाकिटात घालून सील केले. दोन बोटांची तपासणी (मुलीचे आधी शरीरसंबंध आले होते का, हे बघायची जुनी पद्धत) कुणी करू लागलं तर स्पष्ट नाही म्हणा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलं आहे.

पुढे महिला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब झाला. आईला मीच सांगितलं, गुन्हा नोंदल्यावर. ती खूप रडली, मग म्हणाली, "आप्पांचं मी बघते."

आता केस कोर्टात आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे मी मोफत वकिलासाठी अर्ज केला आहे. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.