बर्फ किती पडणार? आधी वारा कुठला ते सांगा

टीव्हीवर ‘न्यूयॉर्क बर्फाखाली’ अशी पट्टी झळकली की घरून फोन ठरलेला. मग मी दरवेळी तेच पालुपद लावते: न्यूयॉर्क शहर इथून गाडीने चार तासांवर, आणि तिथे हाहाकार उडालेला असताना न्यूयॉर्क राज्याच्याच आतल्या भागातल्या आमच्या सिराक्यूस शहरात बरेचदा नुसतं ढगाळ असतं. उलटंही तितकंच खरं. त्या शहरात हिवाळाभर सरासरी तीसेक इंच बर्फ पडतो, आमच्याकडे १२० इंचांच्या आसपास. आमच्या बातम्या मात्र कुणी दाखवत नाही.

मोठ्या वादळांचं गणित त्यांच्या वाटेवर चालतं. कमी दाबाच्या केंद्राभोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे केंद्र आमच्या पश्चिमेकडून गेलं तर दक्षिणेची उबदार हवा आत घुसते आणि भर जानेवारीत पाऊस पडतो. पूर्वेकडून, अटलांटिकच्या किनाऱ्याने गेलं तर उत्तरेची गार हवा ओढली जाते आणि बर्फ होतो. ही किनाऱ्याची वादळं म्हणजे ‘नॉरईस्टर’. हवामानवाले ४० अंश उत्तर, ७० अंश पश्चिम हा समुद्रातला एक बिंदू खुणेला धरतात. केंद्र त्याच्या जवळून गेलं तर न्यूयॉर्क-बॉस्टनला बर्फाची चंगळ. किनाऱ्याला चिकटून गेलं तर त्या शहरांत पाऊस आणि बर्फ आम्हा आतल्या लोकांच्या वाट्याला. मार्च १९९३च्या वादळात सिराक्यूसला ४० इंचांहून जास्त बर्फ पडला. तो धरून त्या हिवाळ्याचा आकडा गेला १९२.१ इंचांवर.

पण आमची खरी भानगड सुरू होते वादळ पुढे सरकल्यावर. मागून कॅनडाची कोरडी, बोचरी हवा येते आणि ईरी, ऑन्टारिओ अशा अजून न गोठलेल्या मोठाल्या सरोवरांवरून वाहते. पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात साधारण १३ अंश सेल्सिअसचा फरक पडला की खालची हवा वाफ घेऊन वर उसळते, ढग धरतात आणि पलीकडच्या काठावर बर्फ ओतला जातो. याला ‘लेक इफेक्ट’ म्हणतात. यात वारा पाण्यावरून किती लांब आला ते फार महत्त्वाचं. ईरी सरोवर लांबट आहे, जवळजवळ ३९० किलोमीटर, आणि बफेलो शहर नेमकं त्याच्या पूर्व टोकाला. वारा सरोवराच्या लांबीने आला की ढगांचा एकच अरुंद, जबरदस्त पट्टा तयार होतो. नोव्हेंबर २०१४मध्ये हा पट्टा बफेलोच्या दक्षिण भागावर ठाण मांडून बसला. तिथे पाच फुटांहून जास्त बर्फ, आणि त्याच शहराच्या उत्तरेकडच्या उपनगरांत काही इंच. वारा थोडासा जरी फिरला असता तरी वाटणी बदलली असती.

अशा पट्ट्यात गाडी शिरली की काय होतं ते उत्तरेकडे जाणाऱ्या ८१ नंबरच्या हायवेवर कळतं. रस्ता कोरडा, ऊन पडलेलं, समोर करडी भिंत. आत गेलात की पुढच्या गाडीचे दिवेही दिसत नाहीत. मधूनच वीजही कडाडते, बर्फ पडत असताना!

त्या हायवेच्या पूर्वेला टग हिल नावाचं पठार आहे. उंची जेमतेम दोन हजार फूट, म्हणजे महाबळेश्वरच्या निम्मीही नाही. तरीही तिथल्या काही गावांत हिवाळ्यात २०० इंचांहून जास्त बर्फ पडतो. कारण असं, की लेक इफेक्टचे ढग बुटके असतात. दहा किलोमीटर उंचीच्या नॉरईस्टरला पाचशे मीटरच्या चढाचं तितकं काही वाटत नाही, पण दोन-तीन किलोमीटरच्या ढगाला तेवढा रेटा पुष्कळ होतो. ऑन्टारिओ सरोवरावरून आलेली हवा या चढावर आणखी वर ढकलली जाते आणि असेल नसेल ते सगळं तिथे टाकते. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला आणि पूर्वेला संथ उतार. इथे बरोबर उलटं, चढ संथ आणि पूर्वेला कडा. पण त्या कड्याखालच्या ब्लॅक रिव्हरच्या खोऱ्यात बर्फ कमी, आपल्या घाटापलीकडच्या गावांत पाऊस कमी, तसाच.

ईरी उथळ, सरासरी खोली १९ मीटर. त्यामुळे ते बहुतेक वर्षी बरंचसं गोठतं आणि बफेलोचा बर्फाचा कारखाना बंद पडतो. आमच्यावर बर्फ ओतणारं ऑन्टारिओ खोल आहे, ते क्वचितच गोठतं, म्हणून आमची सुटका मार्चपर्यंत नाही. मात्र गोठलेलं सरोवर म्हणजे निर्धास्त, असंही नाही. जानेवारी १९७७च्या बफेलोतल्या प्रसिद्ध हिमवादळात नवा बर्फ फूटभरच पडला होता. गोठलेल्या ईरीवर आधीपासून साठलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलला आणि शहरावर आणून टाकला.

फावडं हातात घेतलं की बर्फ कुठून आला ते लगेच कळतं. सरोवराचा बर्फ हलका, फुंकर मारली तरी उडेल असा. नॉरईस्टरचा ओला असला की दहा मिनिटांत कंबर बोलायला लागते.

आणि हो, इथे याचीही स्पर्धा आहे! ‘गोल्डन स्नोबॉल’ नावाची. सिराक्यूस, बफेलो, रॉचेस्टर, बिंगहॅम्टन आणि ऑल्बनी, हिवाळाभरात जास्त बर्फ कुणाकडे? बहुतेकदा आम्हीच जिंकतो आणि लोक ते चक्क अभिमानाने सांगतात. टग हिलची गावं यात नाहीत म्हणून बरं. तिथल्या हूकर गावी १९७६-७७मध्ये ४६६.९ इंच पडला होता.