चोर्ल्यात जुलैमध्ये बुटांचे ठसे?

नवीन थ्रिलर कुणी वाचून संपवलं की आमच्यात पहिला प्रश्न ठरलेला, "ट्विस्ट भारी हाय काय?" आता ट्विस्टचं काय, शेवटच्या वीस पानांत कुणालाबी खुनी करता येतं, जुळा भाऊ आणला की झालं. जुळ्यांचं तर रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्रीबाबानं 1929 सालीच लिहून ठेवलंय, वाचकाला आधी तयार केल्याशिवाय जुळे आणायचे नाहीत, आणि डिटेक्टिव्हला सापडलेला क्लू वाचकापासून लपवायचा नाही. तरी आजचे लेखक बिनधास्त लिहितात, "त्याने खिशातून ती वस्तू काढली आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं." अरे कुठली वस्तू? पुढची दीडशे पानं आम्ही काय त्याचं हसू बघत बसायचं काय.

माझी पारख वेगळी आहे. मी लेखकाचा गृहपाठ बघतो, आणि त्यासाठी आपल्या बेळगाव-खानापूर भागात घडणारी कादंबरी मिळाली तर फारच बरं, कारण तिथं थापा लगेच कळतात. मध्यंतरी एक वाचली, बेळगावहून गोव्याला जाताना लागणाऱ्या चोर्ला घाटात खून, महिना जुलै, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलात बुटांचे ठसे एकदम स्पष्ट! घाटाजवळच्या कणकुंबीचा पाऊस या माणसानं कधी बघितलाय काय, तिथं जुलैत ठसा राहू दे, रस्त्याची कड राहिली तरी नशीब. वर मयत व्यक्ती मरायच्या आधी घाटातनं आरामात व्हिडिओ कॉल करते, जिथं आमचा साधा फोन लागायची मारामार.

पुढं खानापूर ठाण्यात एक एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक, येतो. हे पद महाराष्ट्रातलं, इकडं कर्नाटकात पीएसआय आणि त्याच्या वर सीपीआय, म्हणजे सर्कल इन्स्पेक्टर. आणि हा साहेब बोलतो कसा, तर सदाशिव पेठेत वाढल्यागत, तोंडातनं एक कानडी शब्द निघत नाही. शेवटी आरोपीवर कलम 302 लावतात, गोष्ट मात्र 2025 मधली. 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता लागू झाली, आता खुनाला 103. एवढं तर बातम्या बघणाऱ्यालाबी माहीत असतं.

डॉक्टरांचं तर विचारूच नका. "मृत्यू रात्री अकरा दहा ते अकरा वीसच्या दरम्यान." दहा मिनिटांच्या फरकानं इतकं नेमकं कुठला डॉक्टर सांगतो हो? अंग ताठायला साधारण दोन ते चार तासांत सुरुवात होते, बारा तासांपर्यंत पूर्ण ताठतं, मग सैल पडायला लागतं, त्यातबी उकाडा असला तर लवकर, थंडी असली तर उशीर. म्हणजे हातात येते ती अंदाजे वेळ, आणि चांगला लेखक त्या अंदाजातच खुन्याला लपायला जागा करून देतो, कारण दहा मिनिटांचीच वेळ पक्की असली तर अलिबी, म्हणजे त्या वेळी आपण दुसरीकडं होतो असा पुरावा, रचण्यात मजाच नाही. बाबुराव अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या वेगात तपशील निसटला तर मी माफ करीन, पण दोन वर्षांत एक पुस्तक लिहिणाऱ्याला एक फोन करून विचारायला काय झालं?

मैत्रीण म्हणते, "तू वाचालास की इन्स्पेक्शन करालास?" दोन्ही. तपशील पक्का असला की क्लू त्यातनंच निघतो, वेगळा पेरावा लागत नाही. एक फुकट देतो, घ्या कुणीतरी. जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट, इथला पत्ता असलेलं कार्ड दाखवायचं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो. आता समजा एक बाई पोलिसांना सांगते की मी जन्मापासून खानापूरची, आणि तिच्या पर्समध्ये बेळगाव-खानापूरचं पैसे भरलेलं तिकीट निघतं. तिकीट पन्नासाव्या पानावर सगळ्यांसमोर दाखवा, नॉक्सबाबा खूश, आणि पुण्या-मुंबईचा वाचक त्यावरनं तसाच पुढं जाईल, निपाणीचा मात्र तिथंच थांबेल. आणि निपाणीकरालाबी फसवायचं असलं तर तेबी सोपं आहे, त्या दिवशी बाई आधार कार्ड घरी विसरली होती.