टेक्सास जिंकल्यानंतरचा हुआन सेगीन

नेरुळ गावातल्या मासळीवाल्या मावशी मला अजूनही 'कॉलनीवाले' म्हणूनच हाक मारतात. सिडकोच्या घरात राहायला येऊन आम्हांला वीस वर्षे झाली, तरी त्यांच्या हिशेबी आम्ही मागाहून आलेलेच. टेक्सासने मेक्सिकोविरुद्ध केलेल्या बंडाविषयी वाचताना तो शब्द सारखा आठवत राहिला, कारण ते बंडही मुख्यतः मागाहून येऊन वसलेल्यांचेच होते.

1821 मध्ये स्वतंत्र झालेल्या मेक्सिकोला उत्तर सीमेवरचा हा विरळ वस्तीचा मुलूख राखण्यासाठी माणसे हवी होती, म्हणून त्याने स्टीफन ऑस्टिनसारख्यांमार्फत अमेरिकेतून येणाऱ्या कुटुंबांना नाममात्र मोबदल्यात जमिनी दिल्या. 6 एप्रिल 1830 च्या कायद्याने ही आवक थांबवण्याचा प्रयत्न झाला, तोवर वसाहतकरी मूळच्या स्पॅनिशभाषकांहून कितीतरी अधिक झाले होते. पुढे मेक्सिकोचा सत्ताधीश सांता आन्ना याच्या राजवटीत 1824 ची संघराज्यात्मक घटना गुंडाळली गेली, हे बंडाचे नेहमी सांगितले जाणारे कारण. परंतु मेक्सिकोचे गुलामगिरीविरोधी निर्बंधही कापूस पिकवणाऱ्यांना जाचत होते, आणि स्वतंत्र टेक्सासच्या 1836 च्या घटनेने गुलामगिरीला उघड संरक्षण दिले. अलामोच्या, म्हणजे सान अंतोनियोतल्या ज्या गढीत बंडखोर मेक्सिकन सैन्याशी लढता लढता मारले गेले तिच्या, शौर्यकथेत ही गोष्ट (माझ्या मते सोयीनेच) मागे पडते.

मला मात्र या साऱ्यात हुआन सेगीन विसरता येत नाही. तो टेक्सासमधल्या सान अंतोनियोचा स्पॅनिशभाषक भूमिपुत्र. तरीही केंद्राच्या एकाधिकाराविरुद्ध तो वसाहतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. अलामोला वेढा पडलेला असताना मदत आणण्यासाठी त्याला बाहेर पाठवले गेले, म्हणूनच 6 मार्चच्या संहारातून तो वाचला. आणि 21 एप्रिल 1836 रोजी, सुमारे 18 मिनिटांत टेक्सासच्या बाजूने निकाल लागलेल्या सान हासिंतोच्या लढाईत, आपली स्पॅनिशभाषक तुकडी घेऊन लढला. पुढे तो सान अंतोनियोचा महापौर झाला. पण नव्याने येणाऱ्या लोकांच्या लेखी तो केवळ एक मेक्सिकन होता. फितुरीचा आळ घेऊन त्याला इतके छळले गेले, की 1842 मध्ये राजीनामा देऊन त्याला मेक्सिकोत आश्रय घ्यावा लागला, आणि तिथे, सक्तीमुळे असे तो पुढे सांगत असे, टेक्सासवर चालून जाणाऱ्या सैन्यातच सामील व्हावे लागले.

टेक्सासमधील वॉलनट स्प्रिंग्ज या गावाला 1839 मध्ये त्याचे नाव देण्यात आले होते. तो परागंदा झाला तेव्हा त्या नावाला पुरती चार वर्षेही झाली नव्हती.